पहिली वेलांटी

रविंद्र पागधरे यांच्या नावातल्या 'वि'ला पहिली वेलांटी आहे, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. पुढे जे रामायण घडलं ते या वेलांटीमुळेच घडलं, आणि वाचता वाचता कुणी मनातल्या मनात ती दुसरी करून टाकली तर काहीच हाती लागायचं नाही. शुद्धलेखनाच्या नियमाप्रमाणे ती दुसरीच हवी. पागधऱ्यांना हे ठाऊक आहे, कारण साठ वर्षांत निदान सहाशे लोकांनी त्यांना ते समजावून सांगितलं आहे. पण शाळेत नाव घातलं त्या दिवशी पहिली पडली, ती मग रेशनकार्डावर पडली, नोकरीच्या हुकमावर पडली, लग्नाच्या पत्रिकेवरही पडली. मध्येच एखाद्या हुशार कारकुनाने ती सुधारली की पागधऱ्यांना तहसील कचेरीत जाऊन 'रविंद्र आणि रवींद्र या दोन्ही व्यक्ती एकच आहेत' असं प्रतिज्ञापत्र करावं लागे. अशी चार प्रतिज्ञापत्रं त्यांच्या कपाटात आहेत.

इंग्रजीत हा त्रास नव्हता. तिथे 'आय' एकच, तो ऱ्हस्वही नाही आणि दीर्घही नाही. त्यामुळे पागधऱ्यांचा जुना ईमेल पंधरा वर्षं सुखाने चालला होता. पण एका रविवारी सकाळी पेपरात त्यांनी 'सांगावा' नावाच्या नव्या ईमेल सेवेबद्दल वाचलं. पत्ता देवनागरीत, पत्र मराठीत, सगळा कारभार मराठीत. चहा निवायच्या आत त्यांनी फोनवर खातं उघडलं. 'रविंद्र' हे नाव मोकळं आहे का, असं त्यांनी भीत भीत विचारलं, आणि सेवेने 'मोकळे आहे, अभिनंदन' असं उत्तर दिलं. रविंद्र@सांगावा.भारत. आयुष्यात प्रथमच त्यांच्या नावाबद्दल कुणी अभिनंदन केलं होतं.

पासवर्डासाठी सांगावाची अट होती की त्यात एक तरी जोडाक्षर हवं. पागधरे डहाणूच्या किनाऱ्यावर मासळीवर वाढलेले, त्यामुळे त्यांचं डोकं आधी मासळीकडे गेलं. बोंबील, पापलेट, सुरमई, घोळ, मांदेली, कोळंबी. एकातही जोडाक्षर नाही. समुद्राने एवढी नावं पुरवली पण जोडाक्षर म्हणून दिलं नाही, याचं त्यांना त्या दिवशी खरोखर आश्चर्य वाटलं. शेवटी बोंबील साफ करत बसलेल्या त्यांच्या पत्नी जमुनाबाई आतून म्हणाल्या, "चिक्कू घाला की." शुद्ध बोलणारे चिकू म्हणतात, पण डहाणूत तो चिक्कूच. पासवर्ड ठरला.

आणि मग आतलं पान उघडलं. डाव्या बाजूला वरून खाली लिहिलं होतं : आवक. जावक. अडगळ. केराची टोपली. पागधऱ्यांनी चौतीस वर्षं एका सरकारी कचेरीत आवक-जावक टेबलावर काढली होती. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी घरात आलेल्या लग्नपत्रिकेवर ते पेन्सिलने तारीख आणि नंबर टाकत. फोनच्या पडद्यावर आपलं जुनं टेबल असं समोर मांडलेलं पाहून त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचंच बाकी राहिलं. त्यात पत्र पाठवलं की 'ठप्प' असा शिक्का मारल्याचा आवाज येई. तो ऐकायला मिळावा म्हणून त्यांनी पहिल्या तासात जमुनाबाईंना सात पत्रं पाठवली. जमुनाबाईंचं खातंच नव्हतं, त्यामुळे ती सातही परत आली, पण परत येतानाही ती रीतसर आवकमध्येच आली याचं पागधऱ्यांना समाधान वाटलं.

आणखी एक सोय त्यांना फार आवडली. आलेल्या पत्राखाली तीन आयती उत्तरं तयार असत : 'चालेल', 'बघू' आणि 'कळवतो'. कचेरीत चौतीस वर्षांत जेवढा पत्रव्यवहार त्यांनी पाहिला होता तो या तीन शब्दांत मावला असता. ही सेवा कुणीतरी कारकुनाने काढली असणार, असं ते जमुनाबाईंना दिवसभर सांगत होते.

आता असल्या सेवेला काहीतरी काम हवं, आणि काम हातात होतंच. खाडीकाठच्या प्राथमिक शाळेतून त्यांचा वर्ग चौथी पास झाला त्याला पन्नास वर्षं होत होती, आणि येत्या रविवारी त्याच शाळेत स्नेहमेळावा ठरला होता. पहिली ते चौथी या वर्गाला शिकवलं ते चंद्रिकाबेनने. त्या आता अठ्ठ्याहत्तरच्या, वलसाडला मुलाकडे राहत. त्यांना बोलावून आणायचं पागधऱ्यांनी भर बैठकीत कबूल केलं होतं. पण बेनना फोनवर ऐकू येत नसे. सून किंजल म्हणाली होती की बा, म्हणजे सासूबाई, टॅबवर मोठी अक्षरं करून वाचतात आणि स्वतः लिहितात, तेव्हा मेलच करा.

या मेळाव्यात पागधऱ्यांचा एक विरोधक होता, पियुष. चिक्कूच्या तीन वाड्या, वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपचा तो ॲडमिन, आणि पहिलीपासून खिडकीजवळची जागा त्याचीच. पियुषचं म्हणणं असं, की बेन या वयात काही यायच्या नाहीत, त्यापेक्षा वापीला त्याच्या व्याह्यांचं टाइल्सचं मोठं दुकान आहे, त्यांना प्रमुख पाहुणे करू. शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत बेनचा होकार आला नाही तर व्याही, असं शेवटी ठरलं. पागधऱ्यांना बेन हव्याच होत्या. मानाचा प्रश्न होता तो होताच, पण त्यांना बेनना एक गोष्ट विचारायची होती, जी चौपन्न वर्षं विचारायची राहिली होती. बेन, ती वेलांटी तुम्ही अशी का दिलीत?

सोमवारी त्यांनी सूचनापत्र लिहिलं. मेळाव्याचा सगळा पत्रव्यवहार यापुढे सांगावावरूनच होईल, व्हॉट्सअॅपवरच्या बोलण्याची नोंद राहत नाही, सबब प्रत्येकाने खालील पत्त्यावर कळवावे. सूचनापत्र चोख व्हावं म्हणून त्यांनी ते शेजारच्या क्रांतीताईंना दाखवलं. क्रांतीताई हायस्कूलमधून मराठी शिकवून निवृत्त झालेल्या. पेपरातल्या छोट्या जाहिरातींतल्या चुका लाल पेनाने सुधारून त्या संपादकांना पाठवत असत. त्यांनी सूचनापत्र स्वतःच्या फोनवर घेतलं, 'येवून'चं 'येऊन' केलं, तीन स्वल्पविराम घातले, आणि परत पाठवलं. पागधऱ्यांनी ते डोळे मिटून ग्रुपवर टाकलं आणि बेनच्या निमंत्रणाखालीही चिकटवलं. ठप्प.

मंगळवार गेला. आवकमध्ये नवं काही नाही. बुधवारी पागधऱ्यांनी आवक अठरा वेळा उघडून पाहिली. ग्रुपवर विचारावं तर पियुष हसणार. बुधवारी संध्याकाळी मासळी बाजारात वर्गातला मोरू भेटला आणि म्हणाला की तुझं 'चालेल' मिळालं, भोंगेवाल्याला सांगून टाकलं. पागधऱ्यांनी कसलं चालेल हे विचारलं नाही. आपण सांगितलं असेल आणि आपल्यालाच आठवत नसेल, हे साठीच्या माणसाला भर बाजारात कबूल करवत नाही. पुढे पोस्टाजवळ वर्गातली कविता भेटली, तिलाही चालेल मिळालं होतं. तिने मांडववाला ठरवला होता. पागधरे हसून बरं बरं म्हणाले आणि घरी येऊन जावक तपासली. जावकेत सात पत्रं जमुनाबाईंना, एक बेनना, बाकी काही नाही.

गुरुवारी धीर सुटला आणि त्यांनी वलसाडला किंजलला फोन लावला. "काका, बाने तो परवाच जवाब पाठवला," ती म्हणाली. "काय लिहिलं ते दाखवत नाय. आणि बा जवाबाचं बटन दाबत नाय हं, दर वेळी नवा कागळ लिहिते. पत्ता पण खालचा बघून हाताने घालते."

म्हणजे उत्तर निघालं होतं आणि पोचलं नव्हतं. चौतीस वर्षांच्या नोकरीत पागधऱ्यांच्या टेबलावरून एक कागद हरवला नव्हता, आणि जो हरवायला नको होता तोच हरवला. ते खुर्चीत बसून राहिले. जमुनाबाईंनी त्यांचा फोन घेतला, चष्मा लावला आणि सूचनापत्र वर-खाली पाहिलं. त्या फक्त सातवी शिकलेल्या. पण कुणाच्या टोपलीतला कुठला बोंबील शिळा आहे हे लांबून ओळखणारी नजर त्यांच्याकडे होती.

"हे तुमचं नाव नाय," त्या म्हणाल्या. "ह्याची वेलांटी उजवीकडं गेलीय."

रवींद्र@सांगावा.भारत. दीर्घ. पागधरे तसेच लेंग्यावर क्रांतीताईंच्या दारात गेले. क्रांतीताईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि चूक मान्य करायला साफ नकार दिला. ईमेलचा पत्ता झाला म्हणून काय अशुद्ध लिहायचं, असा त्यांचा सवाल होता. तो पत्ता आहे, निबंध नाही, असं पागधरे म्हणाले. त्यावर क्रांतीताईंनी त्यांना सांगावावाल्यांकडे नाव सुधारून मागायचा सल्ला दिला आणि अर्जाचा मसुदा लिहून देण्याची तयारी दाखवली. चौपन्न वर्षं हाच सल्ला ऐकत आलेला माणूस दुसरं काय करणार, तो घरी परतला.

पण घरी येईपर्यंत पागधऱ्यांच्या डोक्यात कारकून जागा झाला होता. पत्र चुकीच्या टेबलावर गेलं तर त्या टेबलावरच्या माणसाला विचारायचं. त्यांनी थेट रवींद्र@सांगावा.भारत या पत्त्यावर लिहिलं : 'महोदय, श्रीमती चंद्रिकाबेन यांचे पत्र आपणाकडे आले आहे काय?' पाच मिनिटांत उत्तर आलं : 'चालेल.' पागधऱ्यांनी पुन्हा लिहिलं, जरा कडक भाषेत. पुन्हा 'चालेल.' तिसऱ्या वेळी त्यांनी आपलं नाव, गाव आणि हकीकत सविस्तर लिहिली. तेव्हा उत्तर जरा लांब आलं : 'चालेल. उद्या या. तलासरी नाका, करबट झेरॉक्स.'

शुक्रवारी दुपारी पागधरे इस्त्रीचा शर्ट घालून तलासरीच्या एसटीत बसले. सोबत चारही प्रतिज्ञापत्रं घेतली होती. ती कशाला, हे त्यांनाही सांगता आलं नसतं, पण सरकारी माणूस कागदाशिवाय भांडायला जात नाही. सरावली गाव मागे पडलं तसं त्यांनी मनातल्या मनात भाषणाची तयारी केली. दुसऱ्याची पत्रं उघडणं हा गुन्हा आहे, इथून सुरुवात करायची होती.

करबट झेरॉक्स हे एका माणसाचं दुकान निघालं. आत पंचेचाळीसच्या आसपासचे रवींद्र शुक्रा करबट एका बाजूने झेरॉक्स काढत होते, दुसऱ्या बाजूने कुणाचा दाखल्याचा अर्ज भरत होते, आणि समोर पाड्यांवरून आलेली दहा-बारा माणसं कागद घेऊन उभी होती. पागधऱ्यांनी नाव सांगताच करबटांनी त्यांना आत घेतलं, स्वतःची खुर्ची दिली आणि चहा सांगितला. गुन्ह्याचं भाषण तिथेच अर्धं झालं. मग करबटांनी एक फाईल काढून पुढ्यात ठेवली. चुकून आलेलं प्रत्येक पत्र छापलेलं, तारखेवार लावलेलं, वर लाल शाईने नंबर टाकलेला. पागधरे फाईलकडे बघत राहिले. उरलेलं अर्धं भाषणही गेलं.

"पण तुम्ही सगळ्यांना चालेल का कळवलंत?" त्यांनी विचारलं.

करबट ओशाळले. "दुकानात गर्दी असते काका. आधी वाटलं आमच्याच पाहुण्यातलं कोणी हाय. लोक प्रेमाने इचारत होते, भोंगा आणू का, मांडव घालू का. नाय कसं म्हनायचं? खाली चालेल दिसायचं, ते दाबायचो."

पागधऱ्यांनी फाईल चाळली. मोरू भोंगा आणत होता. चिमणही भोंगा आणत होता. मुकेशही. मांडव दोन. आणि मंगळवारचं पियुषचं पत्र : 'व्याह्यांना आत्ताच प्रमुख पाहुणे म्हणून सांगून टाकू का?' त्याखाली उत्तर छापलेलं होतं. चालेल. पागधऱ्यांनी डोळे मिटून घेतले. मग उघडून फाईल पुन्हा पहिल्यापासून पाहिली. बेनचं पत्र नव्हतं.

करबटांनीही नाही म्हणून मान हलवली. आलेलं एकही पत्र त्यांनी टाकलं नव्हतं. पागधऱ्यांचा चेहरा पाहून ते समोरच्या माणसांना थांबायला सांगून जवळ स्टुलावर बसले. तेव्हा पागधऱ्यांनी त्यांना सगळं सांगितलं. बेन, वेलांटी, पाच वाजताची मुदत, आणि बेन खालचा पत्ता बघून हाताने लिहितात म्हणजे पत्र दीर्घलाच यायला हवं होतं, हेसुद्धा. करबटांनी फाईलवरचा पत्ता पुन्हा वाचून पाहिला.

"काका," ते म्हणाले, "ज्यांना तुमचं नाव नीट येत नाय त्यांची पत्रं माझ्याकडे आली. बाईंना नीट येत असलं तर?"

अडगळ पाहिली का, असं त्यांनी पुढे विचारलं. पागधऱ्यांनी पाहिली नव्हती. त्यांच्या कचेरीत अडगळीची खोली होती, तिथे मोडक्या खुर्च्या होत्या आणि एकदा नाग निघाला होता. तिथे शहाणा माणूस जात नसे, आणि तिथे कागद ठेवत नसत. करबटांनी संगणक पुढे ओढला. पासवर्ड विचारायच्या आधी त्यांनी स्वतःच 'चिक्कू' टाकून पाहिलं आणि खातं उघडलं. डहाणूचे ना, एवढंच ते म्हणाले.

अडगळीत एकच पत्र होतं, मंगळवारचं. नाव मराठीत, निम्मा मजकूर गुजराती लिपीत, त्यामुळे सांगावाला ते संशयास्पद वाटलं होतं. डहाणूत वाढलेल्या माणसाला दोन्ही सारखंच. पागधरे वाचू लागले.

'चि. रविंद्र, तुझा कागळ मिळाला. खालच्या पत्त्यात कोणी तुझं नाव चुकवलं आहे, ते मी सुधारून घेतलं. तुझ्या नावाची एक वात, एक जुनी गोष्ट, सांगायची राहिली आहे. तुझी आई भिकीबाई मासळीची टोपली पायरीवर ठेवून तुला शाळेत घालायला आली, तेव्हा मी नवी होते आणि गुजरातीत शिकलेली. कानाला आलं तसं मी पहिली वेलांटी देऊन लिहिलं. मोठ्या गुरुजींनी सहा महिन्यांनी चूक दाखवली. मी दुरुस्त करायला तुझ्याजवळ आले, तर तू पहिल्यांदाच न बघता पूर्ण नाव पाटीवर काढलं होतं. ती पाटी घेऊन तू बाजारात आईकडे पळालास. तिने हात ओले म्हणून पाटी पदराने धरून सगळ्या बायांना दाखवली, असं मला मागून कळलं. मग माझा हात चालला नाही. तुला त्याचा त्रास झाला असेल, तर माफ कर. मी येते. हार नको, पाहुण्यांची खुर्ची नको. हजेरी घेईन.'

पागधऱ्यांनी पत्र पुन्हा एकदा वाचलं. ती पाटी त्यांना आठवत नव्हती. पण ओल्या हातांची आई लख्ख आठवली, आणि आयुष्यभर जिला ते चूक म्हणत आले ती वेलांटी कुणीतरी जाणून-बुजून, जपून ठेवली होती हे कळून त्यांना फार बरं वाटलं. पासपोर्ट फोटो चिकटवलेल्या भिंतीकडे तोंड करून त्यांनी चष्मा पुसला. समोर रांगेत उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्याने काय झालं असं विचारलं, तर करबटांनी काकांचं काम झालं असं सांगितलं, आणि सगळ्या रांगेला बरं वाटलं.

बेन येतात, हे पागधऱ्यांनी तिथूनच ग्रुपवर टाकलं. साडेतीन वाजले होते. पियुषचा ताबडतोब फोन आला की मंगळवारी तूच चालेल म्हणालास, व्याह्यांनी कोट शिवायला टाकला. पागधऱ्यांनी त्याला अजिबात काळजी करू नकोस म्हणून सांगितलं. व्याह्यांना खुर्ची देऊ आणि हारही देऊ, दोन्ही मोकळीच आहेत. निघताना त्यांनी करबटांना रविवारचं आग्रहाचं निमंत्रण दिलं. करबट काय म्हणाले ते सांगायला नकोच.

रविवारी शाळेच्या एवढ्याशा अंगणात दोन मांडव एकात एक घातलेले होते आणि तीन भोंगे एकमेकांकडे तोंड करून ओरडत होते. किंजल बेनना गाडीतून घेऊन आली तेव्हा त्यांना ऐकू येत नाही हे सगळ्यांच्या पथ्यावर पडलं. मग भोंगे बंद झाले. व्याही कोट आणि हार घालून मोठ्या खुर्चीत बसले. बेन मात्र सरळ वर्गात गेल्या, टेबलाशी बसल्या, आणि पिशवीतून एक वही काढली. साठीची माणसं बाकांवर गुडघे सावरत बसली. क्रांतीताई दाराशी उभ्या होत्या. फळ्यावर कुणी काही अशुद्ध लिहिलं तर हाताशी असावं म्हणून त्यांनी लाल पेन आणलं होतं.

बेनने एकेक नाव घेतलं. कविता. मुकेश. पियुष. पियुष खिडकीजवळच बसला होता.

"रविंद्र."

पागधरे उभे राहिले. मागच्या बाकावरून करबटही उभे राहिले, कारण भर वर्गात नाव पुकारल्यावर बसून राहणं त्यांना बरं वाटेना. बेनने चष्मा वर केला आणि दोघांकडे पाहिलं. त्या एका क्षणात चारही प्रतिज्ञापत्रं खोटी ठरली. या दोन्ही व्यक्ती एक नव्हत्या.

पुढच्या बाकावरून उठून किंजलने बेनच्या कानाशी मोठ्याने खुलासा केला. बेनने मान डोलावली.

"दीर्घ असेल त्याने बसावं," त्या म्हणाल्या. "ऱ्हस्व, तू उभा राहा."

करबट बसले. पागधरे उभे राहिले, होते त्यापेक्षा जरा ताठ. हजर, असं म्हणताना त्यांचा आवाज पहिलीतल्या पोरासारखा निघाला, आणि कुणी हसलं नाही. बेनने वहीत पुढे खूण केली. दाराशी क्रांतीताईंनी लाल पेनाला टोपण लावलं आणि ते पर्समध्ये ठेवून दिलं.